ढकला, उघडंच आहे

१२ जानेवारी

वहिनी,

फोन लागत नाही म्हणून चिडू नकोस. आमची क्वार्टर्स तुरुंगाच्या बाहेरच्या भिंतीच्या आत. कैद्यांनी चोरून फोन करू नयेत म्हणून जे यंत्र बसवलंय, ते कैदी आणि रक्षक असा भेदभाव करत नाही. गच्चीच्या एका कोपऱ्यात रेंज येते म्हणतात, पण तिथे कायम रांग. त्यापेक्षा पत्र बरं. उत्तर मात्र घरी पाठवू नकोस, कामाच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पाकीट नाना आधी उजेडासमोर धरून बघतात. निवृत्त झाले तरी अंगातला रक्षक काही निवृत्त होत नाही.

आता मुद्द्याचं. मला ही नोकरी सोडायची आहे.

कारण सांगते, हसू नकोस. परवा बँकेत गेले होते. काचेचं दार होतं, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, आत जायचंय की नाही?" तेव्हा लक्षात आलं, आतून कोणीतरी उघडेल म्हणून मी थांबले होते. इथे कुठल्याच दाराला आपण हात लावायचा नसतो. समोर उभं राहायचं, पलीकडची किल्लीवाली तोंड बघते, मग उघडते. नाना घरातसुद्धा असेच उभे राहतात, न्हाणीघराच्या दारासमोर! त्यावर आपण दोघी पोट धरधरून हसलोय. बँकेत मात्र मला हसू आलं नाही. वहिनी, मला नानांसारखं व्हायचं नाही.

एक मुलाखत देऊनही आले. शाळेच्या ऑफिसातली जागा होती. पहिलाच प्रश्न, "स्वतःबद्दल काही सांगा." मी म्हटलं, "कशासाठी विचारताय?" पुढचं सांगायला नकोच. पण माझं तरी काय चुकलं? आतल्या बायकांना आपलं काहीही सांगायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. घर कुठे, घरी कोण, काही नाही. नावसुद्धा नाही. मी फक्त "मॅडम". शिवणशेडवर पहारा, नवी आलेली बाई भिंतीकडे बघत बसली की तिच्यापुढे बटणांचा डबा ठेवायचा, दोन शब्द सुनावायचे, पुढे जायचं. एवढाच माझा अनुभव. तो सांगून नोकरी कोण देणार?

तू दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसतेस, मुक्या माणसालाही बोलतं करतेस. मला शिकव.

आणखी एक. नोकरी गेली की क्वार्टर गेलं. मी कुठेही राहीन, पण बस्तान बसेपर्यंत नाना तुमच्याकडे राहतील ना? दादाला विचारून ठेव. नानांना मी अजून काही बोललेले नाही.

तुझी नणंद

२१ जानेवारी

वन्सं, नमस्कार की सलाम? काय करू?

पत्र वाचून मी इतकी हसले, की दाढ काढायला आलेला माणूस घाबरून घरी गेला. "कशासाठी विचारताय!" अगं, ती मुलाखत होती, उलटतपासणी नव्हे. आणि असलीच तर तुझी होती.

पण बँकेच्या दाराचं वाचून हसू थांबलं. सोड ती नोकरी. मी तुझ्या पाठीशी आहे.

आता ऐक. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तोंड घट्ट मिटूनच येतो. मी त्याला दुखतंय का असं कधी विचारत नाही. मी विचारते, "आज काय जेवलात?" दुखणं आपोआप बाहेर येतं. तसंच तुझं. स्वतःबद्दल मोठं काही सांगायचंच नाही. छोटं सांगायचं. सकाळी काय करतेस, काय आवडतं, कशाचा राग येतो. पाच ओळी लिहून पाठव. अट एकच, त्यात "मॅडम" हा शब्द नको.

बसायचंही शिक. तू खुर्चीत बसतेस तेव्हा कोणत्याही क्षणी शिट्टी वाजवशील असं वाटतं. पाठ टेकव, हात मांडीवर ठेव, आणि समोरच्याच्या हातांकडे बघू नकोस. तू हात बघतेस, तुला माहीत आहे? आमच्या लग्नाआधी मी पहिल्यांदा घरी आले तेव्हा तू सारखी माझ्या हातांकडे बघत होतीस. मला वाटलं, बांगड्या आवडल्या. नंतर कळलं, हातात काय लपवलंय ते बघत होतीस.

नानांचं दादाशी बोलते. मागच्या खोलीत सध्या सामान भरलंय, शिवाय भिंतीला ओल आहे. काढू काहीतरी मार्ग. तू त्याची काळजी करू नकोस.

तुझीच वहिनी

५ फेब्रुवारी

वहिनी,

पाच ओळी लिहिल्या. वय, उंची, बांधा मध्यम, उजव्या भुवईवर जुना व्रण, डाव्या पायावर किंचित भार देऊन चालते. वाचून पाहिलं तर पळून गेलेल्या कैद्याचं वर्णन झालं होतं. फाडून टाकलं.

पण एक गंमत घडली आहे. सुटकेच्या जवळ आलेल्या बायकांसाठी आठवड्यातून एकदा बाहेरून एक शिकवणाऱ्या बाई येतात. काय शिकवतात माहीत आहे? मुलाखत कशी द्यायची! त्या वर्गावर पहारा कोणाचा, तर माझा. म्हणजे मी भिंतीला पाठ लावून, चेहरा दगडासारखा ठेवून, एक एक शब्द कानात साठवते. वही काढता येत नाही, मान हलवता येत नाही. कैदी बायका खुर्चीत बसून शिकतात आणि त्यांची रक्षक उभ्याने चोरून शिकते. सांग कोणाला तरी, खरं वाटेल का?

बाई छान शिकवतात. खोटं बोलायचं नाही, पण विचारलं तेवढंच सांगायचं, असं म्हणतात. पेपरातल्या जाहिराती कापून फळ्यावर लावतात आणि त्यांवर सराव घेतात. परवा त्यांनी सगळ्यांना विचारलं, "तुमच्यात चांगलं काय आहे?" कोणी रडलं, कोणी गप्प बसलं. एक बाई आहे, आम्ही तिला चष्मेवाली म्हणतो. पुढच्या महिन्यात सुटेल. ती उठली आणि म्हणाली, "मला थांबता येतं. आणि थांबताना मी हात रिकामे ठेवत नाही." एवढंच. बाईंनी चक्क टाळी वाजवली.

वहिनी, मला वाटलं, हे तर माझंच कोणीतरी बोललं. दिवसभर तेच डोक्यात घुमतंय. पण ते तिचं आहे, माझं नाही. माझ्याकडे तसं एकही वाक्य नाही.

फळ्यावर एक जाहिरात आहे. रोपवाटिकेत गिऱ्हाइकांशी बोलायला आणि कामगारांवर देखरेख ठेवायला बाई हवी. रोपवाटिका! भिंत नाही, सगळीकडे नुसती हिरवी जाळी, आणि तीही वाऱ्याने हलते. पत्ता पाठ करून आले आणि अर्ज टाकला. काम कुठे करते त्या रकान्यात खरं तेच लिहिलं.

दादा काय म्हणाला?

तुझी नणंद

१३ फेब्रुवारी

वन्सं,

तू आणि तुझी तत्त्वं! वाक्य म्हणजे काय भांडं आहे, त्यावर नाव कोरलेलं असायला? ती सुटून तिच्या गावी जाणार, तू इथे मुलाखत देणार. तुला शोभतंय, मनापासून पटलंय, तर खुशाल वापर. मी दिवसभर डॉक्टरांचीच वाक्यं बोलते. "मुंगी चावल्यासारखं वाटेल." मला कुठे माहीत कसं वाटतं!

आरशासमोर उभी राहून रोज म्हणत जा. नाना विचारतील काय पुटपुटतेस, तर सांग, स्तोत्र म्हणतेय.

दादाशी बोलणं चालू आहे. खोलीची ओल जरा जास्तच निघाली, त्यामुळे रंगाचं काम लांबलंय. तू आपलं मुलाखतीकडे लक्ष दे.

तुझीच वहिनी

३ मार्च

वहिनी,

बोलावणं आलं! पंधरा तारखेला. रजा मागितली, कारण दिलं दाढदुखी. तुमच्या धंद्याचा असाही उपयोग.

नानांना शेवटी सांगितलं. वाटलं होतं आरडाओरडा करतील. त्याऐवजी संध्याकाळी क्वार्टरच्या सगळ्या खिडक्यांचे गज एकेक हलवून बघितले, घट्ट आहेत की नाही. ते रोजच बघतात, पण त्या दिवशी दोनदा बघितले. मग म्हणाले, "बाहेर गेल्यावर मी कुठे उभा राहू?" बसू असं नाही म्हणाले, उभा राहू म्हणाले. पण मी माघार घेणार नाही. नाहीतर अजून काही वर्षांनी मीही कोणाला तरी हेच विचारत असेन.

चष्मेवाली सुटली. जाताना गेटवर माझीच ड्युटी होती. तिची पिशवी तपासून तिच्या हातात दिली. आपण अशा वेळी काही बोलायचं नसतं, आणि पुढे बाहेर कुठे दिसली तरी आपण आधी ओळख दाखवायची नाही. तिने दाखवली तरच. हा नियम मला पटतो. तिचं आयुष्य तिचं.

तुझ्या सांगण्यावरून ते वाक्य रोज म्हणतेय. आता अगदी माझं वाटायला लागलंय.

ओल वाळली का गं?

तुझी नणंद

९ मार्च

वन्सं,

यशस्वी भव! निळी साडी नेस, करडी नको. करडीत तू घराबाहेरही गणवेशात दिसतेस. पाठ टेकव. हातांकडे बघू नको. प्रश्नाला प्रश्न नको. आत जाताना दार आपलं आपण उघडायचं!

खोलीचं नंतर लिहिते.

तुझीच वहिनी

१८ मार्च

वहिनी,

नाही झालं. माझ्याच चुकीने नाही झालं. आता यावर लिहू नकोस. नाना बरे आहेत.

तुझी नणंद

२६ मार्च

वन्सं,

लिहू नको म्हणालीस, पण मी लिहिणार. तीन दिवस जेवण गोड लागलेलं नाही.

तू मुद्दाम पाडून घेतलीस ना मुलाखत? मला फसवू नकोस. तुला कोणीतरी सांगितलंय. दादाने नानांना ठेवायला नाही म्हटलं ते तुझ्या कानावर आलंय, आणि आता नानांना कुठे ठेवायचं म्हणून तू स्वतःच पाय मागे घेतलास. "माझ्याच चुकीने" म्हणे! एवढ्या तयारीनंतर?

हो, मी लपवलं. मागची खोली कोरडी ठणठणीत आहे. सामानही नाही, एक कपाट आहे आणि माझं शिवणयंत्र. जानेवारीतच दादा नाही म्हणाला होता. मला वाटलं, तुला नोकरी लागली की तो वितळेल, तोवर तुझा धीर कशाला खचवा.

त्याच्यावर रागावू नकोस. तो वाईट नाही, तुला माहीत आहे. त्या रात्री तो पहिल्यांदा माझ्याशी लहानपणाबद्दल बोलला. म्हणाला, नाना रोज संध्याकाळी दोघा भावंडांना दारात उभं करून मोजायचे. दोनच मुलं, तरी मोजायचे! मग बाहेरून कडी लावून ड्युटीवर जायचे. म्हणाला, "तिने कसं सहन केलं माहीत नाही, मी तर पळालो." तो नानांवर चिडलेला नाही गं, तो अजूनही घाबरलेला आहे. एवढा मोठा बाप्या, दोन पोरांचा बाप, आमच्या घराला बाहेरून कडीच बसवू देत नाही. मला वाटायचं, हा हट्ट आहे.

तू सांगितलं असतंस तर मी भांडले असते त्याच्याशी. अजूनही भांडेन. पण मुलाखत का पाडलीस?

तुझीच वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. दादा नाही म्हणाला हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. मी अजूनही ओल वाळायची वाट बघत होते.

राग आला. तुझा आला, दादाचाही आला. ज्याने कडी लावली त्याच्याजवळ मी राहिले, आणि जो पळाला त्याच्या घराला कडी नाही. मग वाटलं, पळाला ते बरं झालं, निदान एक तरी सुटला. दादाशी भांडू नकोस. मोजायचे हे खरं आहे. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी मोजतात.

आता तू सगळं ओतलंयस तर मीही सांगते. दुसऱ्या कोणाजवळ बोलायची सोय नाही, आणि तू हे तिसऱ्या माणसाला सांगायचं नाहीस.

मी निळी साडी नेसून गेले. वाटिकेचं ऑफिस म्हणजे एक लाकडी खोली, बाहेर बाक, बाकावर आम्ही चार-पाच जणी. मी जवळ गेले आणि बाकावरची एक बाई ताडकन उठून उभी राहिली. हात मागे बांधलेले, नजर खाली. चष्मेवाली! गावी वगैरे काही गेली नव्हती. तिनेही तीच जाहिरात पाठ केली होती, त्याच फळ्यावरून. रक्षक समोर आली की उठून हात मागे घ्यायचे, ही तिची सवय, जशी माझी दाराची. बाकीच्या जणी बघायला लागल्या. मी म्हटलं, "अहो बसा, जागा आहे मला." ती बसली. हात मात्र मागेच. मी पलीकडच्या टोकाला बसले आणि कुंड्यांकडे बघत राहिले. तिने ओळख दाखवली नाही, मीही नाही.

ती माझ्या आधी आत गेली. मी तेव्हाच ठरवलं, ते वाक्य आज काढायचं नाही. दुसरं काहीतरी बोलू.

आत मालक आणि त्यांची थोरली बहीण. माणसं चांगली. मी पाठ टेकवली, सकाळी काय करते ते सांगितलं, गंमत म्हणून पाच ओळींचा किस्साही सांगितला. मालक खो खो हसले. वहिनी, छान चाललं होतं. मला तिथे बसायला आवडत होतं. खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता आणि मला वाटलं, उद्यापासून हा रोज येईल. मग बहिणीने विचारलं, "तुमच्यात चांगलं काय आहे?"

डोकं रिकामं झालं. इतके दिवस आरशासमोर जे घोकलं तेवढंच तिथे होतं, दुसरं काही नव्हतंच. तोंडातून तेच बाहेर पडलं. मला थांबता येतं, आणि थांबताना मी हात रिकामे ठेवत नाही.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मालक म्हणाले, "गंमतच आहे. मघाच्या बाई हेच म्हणाल्या. शब्दाला शब्द." बहीण हसली नाही. तिच्या हातात माझा अर्ज होता, बोट नेमकं कामाच्या ठिकाणाच्या रकान्यावर. तिने विचारलं, "तुम्ही दोघी ओळखता का एकमेकींना? हे कुठे शिकलात?"

एका वर्गात शिकलो, एवढं जरी म्हटलं असतं तरी पुरे होतं. माझं कामाचं ठिकाण त्या कागदावर होतं, तिथे वर्गात कोण बसतं हे कळायला फार डोकं लागत नाही. नुसती गप्प राहिले असते तरी त्या बाईंनी हिशेब मांडला असता. चष्मेवाली बाहेर बाकावर होती. तिचे मागे बांधलेले हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

मी म्हटलं, "नाही, ओळखत नाही. बाहेर बसले होते, दार पुरतं लागलं नव्हतं. कानावर आलं, आवडलं, म्हणून म्हटलं."

मालकांचा चेहरा पडला. बहिणीने अर्जाची घडी घातली. म्हणाली, "दाराआडून ऐकलेलं आपलं म्हणून सांगणारी बाई गल्ल्याजवळ कशी बसवायची हो?" तिचंही बरोबरच होतं. मी नमस्कार केला, उठले आणि दारापाशी जाऊन उभी राहिले.

उभीच राहिले, वहिनी. मागून बहिणीचा आवाज आला, "ढकला, उघडंच आहे."

तो आवाज अजून कानात आहे. नोकरी गेली त्याहून ते जास्त लागलं.

तुझी नणंद

१५ एप्रिल

वन्सं,

तीनदा वाचलं पत्र. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा रडले, तिसऱ्यांदा फोन हातात घेतला. त्या वाटिकेचा नंबर शोधला. खरं काय ते सांगून टाकावं, तुझी नोकरी तुला परत मिळवून द्यावी. रिंगही गेली. मग ठेवून दिला. त्या बाईचे हात मी पाहिलेले नाहीत, पण तू ज्या तऱ्हेने लिहिलंस त्यावरून दिसले.

वापर म्हणून मीच सांगितलं होतं. नाव कोरलेलं नसतं म्हणे! माझ्या जिभेला हाड नाही.

दादाला मी तुझं पत्र दाखवलं नाही, पण एवढंच सांगितलं की ती तुझ्यावर रागावलेली नाही. तो उठून मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ माझ्या शिवणयंत्रापाशी बसून राहिला. नाही म्हणालाय ते अजून नाहीच आहे. पुढच्या महिन्यात येऊन नानांना भेटेन म्हणतो. भेटायला येईन, एवढंच. मी जास्त ताणलं नाही.

तू दुसरीकडे अर्ज कर. करशील ना? तुझ्या "करते" या शब्दाची वाट बघतेय.

तुझीच वहिनी

२ मे

वहिनी,

"करते" लिहायला बसले होते, पण त्याआधी जे घडलं ते सांगते.

सुट्टीच्या दिवशी मी त्या वाटिकेत गेले. का गेले विचारू नकोस. स्वतःला सांगितलं, नानांना एक रोप आणायचंय. नानांनी जन्मात कधी रोप मागितलेलं नाही.

काउंटरवर चष्मेवाली. हिरवा एप्रन, केस नीट बांधलेले. तिला मिळाली होती ती जागा. मी नियमाप्रमाणे कुंड्या बघत राहिले. ती काउंटर सोडून माझ्याकडे आली. उठून उभी वगैरे नाही, हात मागे नाहीत, सरळ चालत आली आणि आपणहून म्हणाली, "या. मला वाटलंच होतं, तुम्ही याल."

मी गुलाबाचं एक रोप उचललं, काहीतरी उचलायचं म्हणून. तिने पावतीपुस्तक उघडलं आणि विचारलं, "नाव काय लिहू?" इतकी वर्षं रोज समोर होते, तिला माझं नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, नानांच्या नावासकट. तिने सावकाश लिहिलं.

मग म्हणाली, "मालक सगळ्यांना सांगतात, तुमच्यानंतर एक बाई आली, दाराआडून ऐकून तुमचंच वाक्य म्हणून गेली. मी हसते आणि गप्प बसते. दार घट्ट लागलेलं होतं, मॅडम. मीच लावलं होतं."

मी म्हटलं, "वाक्य तुमचंच होतं. मी घ्यायला नको होतं."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "माझं? अहो, तुमचंच आहे ते. मी नवीन होते तेव्हा शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून बसले होते. तुम्ही बटणांचा डबा माझ्यापुढे आदळलात आणि खेकसलात, 'थांबायचंच आहे ना? मग थांबायला शीक. हात रिकामे ठेवू नकोस.' मी त्याच्यावर इतकी वर्षं काढली. वर्गात बाईंनी विचारलं तेव्हा तेच बोलले. तुम्ही भिंतीपाशी उभ्या होतात, मला वाटलं तुम्हाला कळलं."

वहिनी, मला आठवतच नाही. तिला म्हटलेलं काही आठवत नाही, कारण मी प्रत्येक नव्या बाईला तेच म्हणते. गेल्या आठवड्यातही एकीला म्हटलं असेल. मी त्याला दोन शब्द सुनावणं म्हणायचे. माझ्याकडे एकही वाक्य नाही म्हणून मी तुला पत्रं लिहिली, आणि न केलेल्या चोरीचा आळ स्वतःवर घेऊन आले.

आधी राग आला, स्वतःचाच. मग तिथेच कुंड्यांच्या मधे उभी राहून रडले. तिने मला खुर्ची दिली नाही की पाणी विचारलं नाही, फक्त माझ्याजवळ उभी राहून रोपांची वाळकी पानं खुडत राहिली. हात रिकामे नव्हते तिचे.

परत आले तर गेटवर कुंडीची तपासणी. नियम आहे, बाहेरून येणारी माती उकरून बघतात. माझ्याच मैत्रिणीने सळई घालून बघितली, एक मूळ तुटलं. लागेल की नाही माहीत नाही. मी कोणावर चिडले नाही, उद्या माझी तिथे ड्युटी असेल तेव्हा मीही हेच करीन.

फळ्यावर नवीन कात्रण लागलंय. एका दवाखान्यात रुग्णांची नोंद करायला बाई हवी. पत्ता पाठ केला आहे. क्वार्टरचं काय, नानांचं काय, ते सगळं होतं तिथेच आहे. दादा येऊन जाईल, नाही म्हणून जाईल, तेही मला दिसतंय. पण अर्ज करते. हे घे, लिहिलं.

एवढंच सांगायचं राहिलं. कुंडी घेऊन मी घरी आले आणि आपल्या दारासमोर उभी राहिले. आतून नानांच्या चपलांचा आवाज आला. दारापर्यंत आला आणि थांबला. मी बाहेर, ते आत. ते मी उघडायची वाट बघत होते, मी त्यांची. दिवसा आपल्या दाराला कडी नसते, नुसतं लोटलेलं असतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग माझ्या कानात वाटिकेतला तो आवाज आला आणि मी कोपराने ढकललं.

नाना दचकून मागे सरकले. कुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "किल्ली कोणाकडे होती?"

मी म्हटलं, "नाना, कोणाकडेच नव्हती."

तुझी नणंद